महाराजांचा हात, केरबाचा हात

वजनकाट्यापासून निघालेली उसाच्या गाड्यांची रांग पार आष्टा रस्त्याला जाऊन टेकली होती. निम्मे गाडीवान मात्र बैलांना वाऱ्यावर सोडून कारखान्याच्या कॉम्प्युटर खोलीच्या काचेला नाकं चिकटवून उभे होते. आत फिरत्या खुर्चीवर वाघाच्या कातड्यासारखं दिसणारं छापील कापड टाकून नाथमहाराज बसले होते. समोरच्या मुख्य कॉम्प्युटरवर पडद्यापासून टेबलापर्यंत भरजरी शाल पांघरलेली होती.

महाराजांनी डोळे मिटले. उजवा हात शालीखाली घातला आणि काहीतरी पुटपुटले. तिकडे काट्याच्या खिडकीतला प्रिंटर करकर करत पावत्या ओकायला लागला. ज्या पावतीला तीन मिनिटं लागत होती ती पाणी ओतावं तशी येऊ लागली.

"आयला, नुस्ता हात लावला रं," केरबा गाडीवान म्हणाला. त्यानं टोपी काढून काचेलाच नमस्कार केला.

खोलीच्या कोपऱ्यात पद्मा उभी होती. उभी, कारण तिची खुर्ची महाराजांच्या बुडाखाली होती. कारखान्यात ती नवी कॉम्प्युटर ऑपरेटर. नोकरी हंगामी, हा गळीत हंगाम नीट पार पडला तर कायमची ऑर्डर मिळेल असं सांगितलेलं. घरात पगार आणणारी ती एकटीच.

महाराजांनी डोळे उघडले आणि प्रवचन सुरू केलं. "यंत्राचा मेंदू कशाचा? सिलिकॉनचा. सिलिकॉन म्हणजे काय? वाळू. वाळू कुणाची? कृष्णामाईची. माईला न विचारता उपसलेली वाळू आत तळमळते आहे."

"आवं महाराज," केरबानं दारातून विचारलं, "माझ्या घराच्या गिलाव्यात बी तीच वाळू हाय. ती का तळमळत न्हाई?"

"गिलाव्याला वीज लागत नाही, बाळ."

यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. वीज हा शब्द आला की आपल्याकडे शंका संपते.

हे महाराज काही हिमालयातून आलेले नव्हते. पूर्वी ते आष्ट्याला नाथाजी नावानं टीव्ही आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करत. मग सांगलीत तीन महिन्यांचा कॉम्प्युटर कोर्स झाला आणि मग साधना झाली. साधनेला किती काळ लागला म्हणाल, तर दाढी वाढायला लागतो तेवढा. दसऱ्याला यंत्रपूजेसाठी कार्यालयाचे अधीक्षक नानासो यांनी त्यांना आणलं, तेव्हापासून ते कारखान्याचे झाले.

हंगाम सुरू झाला आणि कॉम्प्युटरनं मान टाकली. महाराज बसून शालीखाली हात ठेवतील तोवर तो पळे. महाराज उठून गेले की थोड्या वेळात पुन्हा गोगलगाय. मुख्य कॉम्प्युटरला दुसऱ्या कुणाचा हात लागू नये, शाल कुणी उचलू नये, असा नियमच त्यांनी घातला होता.

"कायमचा उतारा सांगा महाराज," नानासो हात जोडून म्हणाले. "रांगेत ऊस वाळतुया. शेतकरी माझं रगात काढत्यात."

महाराजांनी खोलीभर नजर फिरवली आणि ती पद्माच्या चपलांपाशी थांबवली. "या खोलीत यंदा नवीन पाऊल कुणाचं पडलं?"

बाकी काही बोलायची गरज नव्हती. पायगुण हा असा आरोप आहे की त्याला साक्षीदार लागत नाही आणि आरोपीला बोलताही येत नाही. नानासोंनी तिला बाहेर बोलावलं. "पद्मा, तुझ्यावर राग न्हाई पोरी. पर शनिवारपासनं येऊ नगंस."

"साहेब, मी काय चुकले ते तरी सांगा."

"चुकली न्हाईस. पायगुणाला चूक लागत न्हाई."

तो दिवस मंगळवार होता. पद्मा रडली, ती घरी जाऊन. त्याआधी तिनं टेलिफोन बूथवरून सांगलीला फोन लावला. कारखान्याच्या कॉम्प्युटरची देखभाल जी कंपनी करायची, तिथल्या ताहेरा मॅडमना तिनं सगळं सांगितलं. ताहेरानं एकच विचारलं, "मंद होतो म्हणजे नेमका कधी, किती वेळ, आणि तेव्हा आत काय चालू असतं?"

"ते कुणी लिहूनच ठेवलं नाही, मॅडम."

"मग लिहायला माणूस बसवू."

बुधवारी ताहेरा तीन फ्लॉप्या घेऊन एसटीनं आली. "साहेब, मुख्य कॉम्प्युटरवर एक एजंट बसवायचाय."

"आनि एक? विम्याचे दोन रोज येत्यात," नानासो म्हणाले.

"हा चहा मागत नाही. छोटा प्रोग्रॅम आहे. आत गप बसतो आणि दर पंधरा सेकंदांनी नोंद करतो, की कॉम्प्युटरची किती ताकद खर्च होतेय आणि ती कोण खातंय. काट्यावरच्या मुकादमासारखा."

"महाराजांच्या शालीला हात लागंल का?"

"नाही लागणार. पद्माच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरूनच, तारेतून पाठवते."

मग नानासोंची हरकत उरली नाही. त्यांना विटाळाची काळजी होती, नोंदीची नव्हती. नोंदीला कुणी घाबरायचं असतं, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. महाराजांच्या आलं असतं, पण ते त्या वेळी जेवायला गेले होते.

एजंटनं दोन दिवस इमानानं लिहिलं, आणि महाराज कधी हात घालतात, कधी काढतात ते पद्मानं घड्याळ बघून टिपलं. शुक्रवारी दुपारी ताहेरानं त्या नोंदींचा आलेख लांबलचक कागदावर छापला आणि तो नानासोंपुढे पसरला. महाराज अर्ध्या तासापूर्वीच गेस्ट हाऊसवर विश्रांतीला गेले होते आणि काट्यावरचा प्रिंटर पुन्हा रखडला होता. काचेपाशी नेहमीची गर्दी होतीच.

"ही खर्च होणाऱ्या ताकदीची रेघ बघा साहेब. महाराज हात ठेवून आहेत तोवर रेघ तळाला. हात काढला की बरोबर दहा मिनिटांनी सरळ माथ्याला. नऊ नाही, अकरा नाही. दोन दिवसांत सात वेळा."

"कृष्णामाईचा कोप," नानासो पुटपुटले.

"कोप घड्याळ लावून येतो का?" पद्मा म्हणाली. आवाज इतका शांत होता की तिचं तिलाच नवल वाटलं. "आणि हे बघा. पावत्यांचं काम शंभरातले चार भाग खातंय. पडद्यावरच्या चित्राचा एक प्रोग्रॅम नव्वदच्या वर खातोय."

"कसलं चित्र?"

"कॉम्प्युटरला दहा मिनिटं कुणी हात लावला नाही की पडद्यावर आपोआप चित्र फिरायला लागतं," ताहेरा म्हणाली. "ते चित्र घडवायला यंत्राची सगळी ताकद लागते. पावत्यांना उरतं काय? माउस जरा हलला की चित्र बंद, पावत्या चालू."

नानासोंची नजर कागदाकडून शालीकडे गेली. पण श्रद्धा अशी कागदानं मोडत नाही. "त्ये महाराजांच्या हातानं हुतंय. हाताचा गुण हाय."

पद्मानं काचेबाहेर पाहिलं. "केरबामामा, जरा आत या."

केरबा दचकला. चपला बाहेर काढून, हाताला लागलेला चिकट रस धोतराला पुसत तो आत आला. पद्मानं शाल न उचलता त्याचा हात खाली घातला. "तिथं एक गोटा आहे. जरासा हलवा."

"मंतर कंचा म्हनू?"

"बैलाला म्हणता तो."

"हाल्या," केरबा म्हणाला, आणि काट्यावरचा प्रिंटर करकर करायला लागला.

 काचेबाहेर मागून एकजण म्हणाला, "केरबामहाराज की जय," आणि हशा पिकला. केरबानं मात्र हात बाहेर काढला आणि तो त्याकडेच बघत राहिला.  सगळ्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे डोळे लावले. दहा मिनिटं झाली, आणि प्रिंटर एका पावतीच्या मध्यात अडखळला.

मग नानासोंनी स्वतः शाल ओढली. पडद्यावर सोनेरी, जाडजूड इंग्रजी अक्षरं जत्रेतल्या पाळण्यासारखी गरगरत होती: जय नाथमहाराज.

माणसाला सगळं लपवता येतं. नाव तेवढं लपवायचं जिवावर येतं.

"दसऱ्याला पूजेला दार लावून आत कोन बसलं हुतं?" नानासो स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "आनि पासवर्ड मीच सांगितला. कानात."

"मी कामावर आले ते दसऱ्यानंतरच्या सोमवारी," पद्मा म्हणाली. "हजेरी बघा. पाऊल पडायच्या आधीच पायगुण लागला होता, साहेब."

ताहेरानं ते चित्र काढून साधा काळा पडदा लावला. त्या दुपारी कुणी शालीखाली हात घातला नाही, कारण शालच नव्हती. दिवस मावळायच्या आत रांग काट्यापर्यंत आखडली. गेस्ट हाऊसवर निरोप गेला तेव्हा खोली रिकामी होती. महाराज इस्लामपूरच्या एसटीत बसल्याचं कुणीतरी पाहिलं. छापील वाघ तेवढा खुर्चीवर राहिला. पद्मानं तो घडी करून बाजूला ठेवला आणि आपल्या खुर्चीवर बसली.

शनिवारी ती कामावर आली. नानासो तिच्या टेबलापाशी थांबले, घसा खाकरला, आणि "चहा सांगू का?" एवढंच म्हणाले. काही माणसांची माफी तेवढीच असते, ती घ्यावी.

पुढच्या हंगामात एक नवा फिटर रुजू झाला आणि त्याच दिवशी मिलचा पट्टा तुटला. कुणीतरी त्याच्या पायांकडे बघून काहीतरी बोललं.

"पाय ऱ्हाऊ द्या," नानासो म्हणाले. "पट्टा कवा बदलला हुता, त्याची वही आना आधी."

वही आली. पट्टा चार वर्षं जुना निघाला. एवढंच करायचं असतं, मंडळी. यंत्राचं दुखणं असो नाहीतर अंगातला ताप, ते कधी येतं, किती वेळ राहतं, तेव्हा काय चालू असतं, हे आधी लिहून काढा. मग ज्याला जो दोष द्यायचा तो खुशाल द्या. बहुतेक वेळा तोवर दोष द्यायला कुणी उरत नाही.