भेटबंदी

पेट्रोल पंपामागच्या खानावळीत कॉलेजच्या संघाचे कोच हॅलोरन शिरले, तसा व्हर्लीनच्या हातातला झारा कढईतच राहिला. याच माणसानं गेल्या वर्षी तिच्या सोफ्यावर बसून, तिच्या हातचा गंबोचा दाट रस्सा ओरपत, तिच्या पोराला, केंड्रेलला, संघात जागा आणि पूर्ण शिष्यवृत्तीचा शब्द दिला होता. ऑक्टोबरात खेळताना पोराचा गुडघा गेला आणि तेव्हापासून साहेबांचा फोन काही लागेना.

"कोच, माझ्या पोराची जागा आहे ना अजून?"

कोचनी टोपी सारखी केली. "व्हर्लीनबाई, भेटबंदी चालू आहे. खेळाडूशी किंवा त्याच्या घरच्यांशी आम्ही समोरासमोर अवाक्षर काढायचं नाही, असा नियमच आहे."

"नुसती मान हलवा. हो की नाही."

"माझी नोकरी जाईल."

"तुमच्या शब्दावर आम्ही बाकीच्या दोन कॉलेजांना नाही म्हणून बसलो. कॉलेजांच्या करारावर सह्यांचा दिवस तीन आठवड्यांवर आलाय. आता कुणाच्या दारात उभं राहू, तेवढं तरी सांगा."

कोचनी तिनं पुढे केलेल्या तळलेल्या माशांच्या पुड्याला हात घातला. "पोराला म्हणावं, धीर धर. बंदी उठली की मी स्वतः फोन करतो."

व्हर्लीननं पुडा सोडला नाही.

"त्याला हे कुठल्या तोंडानं सांगू? तुमच्या भेटबंदीचं कॅलेंडर त्यानंच फ्रिजवर चिकटवलंय. रोज सकाळी कुबड्या टेकत येतो आणि एक दिवस खोडतो. बंदीच्या शेवटच्या दिवसावरची फुली त्यानं परवाच मारली, कोच."