बोस्कोचा अर्धा कोलाच

अल्बीना गेली त्याला सात आठवडे झाले होते. आज तिच्या जागी तिची मुलगी लिबी, तीही नर्सच, एमिल कुचेराच्या उशाशी उभी होती. भूल द्यायला गावात डॉक्टर कधीच नव्हता. एकतीस वर्षं ते काम एकट्या अल्बीनानं केलं, नर्स म्हणून. सर्जन दर गुरुवारी शहरातून यायचा आणि चार वाजता परत जायचा. झोपवलेलं माणूस सुखरूप जागं करायची जबाबदारी मात्र गावातच राहायची.

एमिलचं हर्नियाचं ऑपरेशन आठ वाजता, सगळ्यांत आधी होतं. आपण दोनदा तुझ्या आईच्या हातून झोपलोय, हे त्यानं लिबीला आल्या आल्या ऐकवलं. उपाशी आहात ना, असं तिनं विचारताच त्यानं हो म्हटलं, कागदावर सहीही ठोकली.

लिबीनं इंजेक्शन हातात घेतलं आणि ती थांबली. आई हे असं कधीच विचारायची नाही. पहाटे चारला गोठ्यात शिरणाऱ्या या माणसांच्या लेखी टेबलाशी बसून खाल्लं तरच ते खाणं. उभ्या उभ्या तोंडात टाकलेलं कुणी धरतच नाही.

"एमिल, आज सकाळी बोस्कोला काय दिलंत?"

कुत्र्याचं नाव निघताच म्हातारा खुलला. "नेहमीचंच. अर्धा कोलाच. जर्दाळू भरलेला गोड पाव तो."

"आणि उरलेला अर्धा?"

एमिल छताकडे बघू लागला. "ते काय खाणं झालं, पोरी? सहाला, गोठ्यात उभ्यानं."

लिबीनं इंजेक्शन खाली ठेवलं. भुलीत पोटातलं वर आलं तर ते फुप्फुसात उतरतं, मग माझ्या हातात काही राहत नाही, असं तिनं त्याला शांतपणे सांगितलं. सर्जन कुरकुरला, पण ती हलली नाही. एमिलचा नंबर शेवटी, एक वाजता लागला.

एमिल फुरंगटला. "अल्बीनानं चालवून घेतलं असतं."

"कुत्र्याचं विचारायला तिनंच शिकवलंय मला."

एमिलनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "मला वाटायचं, तिला कुत्र्याची काळजी आहे."

"काळजीही होतीच."

एक वाजता लिबीनं आईसारखाच त्याच्या गालाखाली तळवा ठेवला. औषध शिरेत जाण्याआधी एमिलनं तिचं मनगट धरलं. "अल्बीना जाताना तिच्याशी बोलायला कुणी होतं का गं?"

"मी होते. झोप लागेपर्यंत बोलत होते."

"मग बरं झालं," असं म्हणून त्यानं मनगट सोडलं.

पुढचा तासभर लिबी त्याच्या छातीचं वरखाली होणं बघत बसली. नजर एकदाही हलली नाही. पावणेतीनला त्यानं डोळे किलकिले केले, तिला ओळखलं आणि जड जिभेनं म्हणाला, "बोस्को उपाशी असेल."

शेजारणीला सांगून ठेवलंय, म्हणत लिबीनं त्याचं पांघरूण वर ओढलं.