माहेरचं रक्त

सरूबाईच्या समाधानला स्किझोफ्रेनिया झाला, तेव्हा डॉक्टरच्या आधी निदान केलं ते तिच्या थोरल्या जावेनं, छबूबाईनं. "ह्ये तुझ्या माहेरचं रक्त गं. आमच्यात असलं काय न्हाई." पुढं गोळ्या घेऊन पोरगा सावरला, चाकणच्या कंपनीत शिफ्ट मारायला लागला, पण ते वाक्य काही सरूबाईच्या कानातून निघेना.

आणि आता संशोधन करणारी तिची लेक मिनल नेमकं तेच शोधत होती, आजार रक्तातून येतो का. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं, ते झेलायला बारीक बारीक झेलकरी असतात आणि त्या झेलकऱ्यांचा साचा म्हणजे एक जीन. काहींच्या साच्यात जरासा फरक असतो. तो फरक आजारी माणसांत जास्त सापडतो का, हे तपासायचं. त्यासाठी तुलनेला धडधाकट माणसांचंही रक्त हवं होतं आणि अशी माणसंच मिळत नव्हती.

"माणसं ना? मी आणते की!" म्हणत सरूबाईनं भावाला फोन लावला. मिनलचं पुढचं ऐकायला ती थांबलीच नाही.

रविवारी पिंपरीत मिनलच्या रक्ततपासणी शिबिराच्या हॉलसमोर दोन टेम्पो थांबले. अख्खं माहेर उतरलं. बाया लग्नातल्या साड्यांत, बाप्ये निळ्या फेट्यांत. "जयभीम! जयभीम!"नं हॉल दणाणला.

समाधान चहाची किटली धरून उभा होता. "आई, मला आवाज यायचे, पण एवढे एकदम कधीच न्हवते."

मिनलनं कपाळाला हात लावला. "आई, घरात आजार असला की चालत नाही गं! हे सगळे दादाचे मामा न् मावश्या!"

"आगं, चोख रक्त हाय! तपासून तर बघ!" मामानं बाही पार खांद्यापर्यंत गुंडाळलेली.

मजा बघायला आलेल्या छबूबाईकडं मिनलची नजर गेली. "काकू, तुमचं चालेल. आपलं रक्ताचं नातं नाही. तुमच्या माहेरी कुणाला हा आजार?"

"आमच्यात? नाव घिऊ नको!" छबूबाईनं हात असा पुढं केला, जणू सत्कारच चाललाय.

मामालोक मात्र हटले नाहीत. बाजारात जाऊन प्रत्येकानं एकेक परका माणूस आणला. सह्या घेताना मिनलचा निम्मा वेळ, "राजीखुशीनं आलात, की धरून आणलं?" हे विचारण्यात गेला.

वर्षभरानं संशोधन पुरं झालं म्हणून विहारात मिनलचा सत्कार झाला. दोन्हीकडची माणसं जमली. माइकवर मिनल म्हणाली, "आमच्या तपासणीत आजारी न् धडधाकट माणसांत तफावत सापडली नाही. धडधाकट माणसांतही तो वेगळा साचा तितकाच निघाला. त्या एका जीनवर खापर फोडता येत नाही."

छबूबाई दचकली. "धडधाकट म्हंजे... माझ्यात बी आसंल?"

"असेल, नसेल. रक्ताच्या बाटल्यांवरची नावं झाकलेली असतात, काकू."

"मग माझं रक्त परत दे!"

हॉल खो खो हसला. सरूबाईनं एकदा माइकपाशी उभ्या लेकीकडं पाहिलं, एकदा शिफ्टवरून युनिफॉर्मातच आलेल्या लेकाकडं. पदर खोचून ती उठली आणि लाडवांचं ताट सगळ्यांच्या आधी जावेपुढं धरलं.

"घ्या बाई. माझ्या माहेरचं हायती."