परीक्षक क्रमांक चार

मला दीपाली गजभियेचा हेवा वाटत होता. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला शहाणपणा शिकवायला नको. साधासुधा हेवा नाही, पोटात दुखावं असा. सकाळी स्टाफरूममध्ये तिची डब्याची पिशवी दिसली तरी माझा चहा कडू व्हायचा.

मी सुनीती आगाशे. पुण्यातल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला लागले तेव्हा कॉलेजला धड कंपाउंडसुद्धा नव्हतं. माझ्याबरोबरची मंडळी सॉफ्टवेअरमध्ये गेली, कुणी न्यू जर्सीला, कुणी हिंजवडीला. मी आपली खडू धरून बसले. पंधरा वर्षं लेक्चरर! आणि २००४ साली एकदाची विभागात लेक्चररच्या वरची, असिस्टंट प्रोफेसरची जागा निघाली. एकच. तिच्यासाठी अर्ज दोन आले, एक माझा आणि एक दीपालीचा.

दीपाली कोण? तर माझीच विद्यार्थिनी. पंच्याण्णवच्या बॅचची. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीहून आली होती, दहावीपर्यंत मराठी माध्यम, दोन वेण्या घालून पहिल्या बाकावर बसायची. तिचे वडील रतनराव पोस्टात होते. अ‍ॅडमिशनच्या दिवशी मला हात जोडून म्हणाले होते, "मॅडम, पोरीकडे लक्ष ठेवा जी." मी ठेवलंही. मी जातबीत मानत नाही. आम्ही कोथरूडची माणसं हे वाक्य न विचारताच सांगून टाकतो, पण मी खरंच मानत नव्हते. उलट विदर्भातून, मराठवाड्यातून आलेल्या, बुजऱ्या पोरांसाठी माझा जीव तुटायचा. ही पोरगी शिकली, एम.ई. झाली, आमच्याच विभागात लागली, तेव्हा पेढे मी वाटले होते. माझी स्टुडंट म्हणून सगळ्यांना सांगत फिरायचे. तीच आता माझ्या खुर्चीवर बसायला निघाली होती.

बरं, तिच्याकडे होतं काय? एक शोधनिबंध. दोन वर्षं बाई वही घेऊन ओरलच्या खोलीत कोपऱ्यात बसत होती. ओरल म्हणजे आमची तोंडी परीक्षा, पन्नास मार्कांची. टेबलापलीकडे परीक्षक, अलीकडे घामाघूम झालेलं पोर, दहा मिनिटांत निकाल. तीन कॉलेजं, बारा परीक्षक, बाराशे मुलं. कुठल्या मुलाला काय विचारलं, शब्दन् शब्द हिनं टिपून घेतलं. माझ्याही ओरलला बसली होती. मीच म्हटलं होतं, बस गं, तुझं काम होऊ दे. मला वाटलं, काय हे रिकामपणाचे उद्योग! सर्किट नाही, चिप नाही, पोरांना काय विचारलं हे मोजायचं, याला इंजिनिअरिंगमधलं संशोधन म्हणायचं? पण तो निबंध दिल्लीच्या परिषदेत निवडला गेला आणि प्रिन्सिपॉल येताजाता "गजभिये मॅडमचं काम" म्हणायला लागले. माझ्या पंधरा वर्षांना कुणी काम म्हटलं नव्हतं.

मुलाखत शुक्रवारी होती. निबंध मुलाखतीत धरायचा तर विभागातल्या सर्वांत ज्येष्ठ माणसानं तो तपासून सही करावी, असा कॉलेजचा नियम. ज्येष्ठ मी. प्रिन्सिपॉलांना म्हटलं, "अहो सर, मी स्वतः उमेदवार आहे." ते म्हणाले, "आपल्यावर विश्वास आहे, आगाशे मॅडम." मी फार ताणून धरलं नाही. सही माझ्या हातात असलेली मला बरीच वाटली. तपासायचं म्हणजे सोलून काढायचं, एवढं मी घरी जाताना स्कूटरवरच ठरवलं.

रविवारी दुपारी लाल पेन घेऊन गॅलरीत बसले. निबंधात परीक्षकांची नावं नव्हती, फक्त क्रमांक. निष्कर्ष असा होता की काही परीक्षक खेड्यातल्या, मराठी माध्यमाच्या, राखीव जागेवरच्या मुलांना सोपे प्रश्न विचारतात आणि शहरी मुलांना अवघड. सोप्या प्रश्नांची सगळी उत्तरं बरोबर आली तरी मार्क तीस-एकतीसच्या वर जात नाहीत, कारण चाळीसच्या वरचे मार्क अवघड उत्तरालाच मिळतात. याचा सर्वांत ठळक नमुना म्हणजे परीक्षक क्रमांक चार. त्यांच्याकडे अशी एकशे सहा मुलं आली होती आणि चाळीसच्या वर एकही गेलं नव्हतं.

मी मनातून खूश झाले. चार नंबर म्हणजे नक्की दुसऱ्या कॉलेजचा तो तिरसट माणूस, ज्याच्या नावानं पोरं रडत बाहेर येतात. बरी जिरली. तेवढ्यात आमचे अभय चहा घेऊन आले आणि माझ्या खांद्यावरून वाचायला लागले. दीपालीनं परीक्षक चारची एक ओरल जशीच्या तशी दिली होती: "गाव कुठलं तुझं? बारावी कुठून केलीस? घाबरू नकोस हं राजा, सोप्पंच विचारते."

अभय हसायलाच लागले. "अगं, ही तर तू! स्वयंपाकाच्या कौशल्याबाईंच्या मुलीचा अभ्यास घेतानाही हेच म्हणतेस."

"काहीतरीच काय," मी म्हटलं. "शंभर लोक म्हणतात असं."

"राजा कोण म्हणतं?" असं म्हणून ते आत गेले.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी घाबरलेल्या लेकरांना धीर देते, आणि ही कार्टी माझ्याच खोलीत बसून माझं प्रेम मोजते? वर ते दिल्लीला पाठवते? माझ्याच मांडीवर बसून माझीच दाढी उपटायची! त्या दिवशी मी तो निबंध तीनदा वाचला आणि भोक शोधलंच. असं भोक की निबंध बुडालाच पाहिजे. मग शांतपणे वरणभात जेवले.

बुधवारी प्रिन्सिपॉलांच्या केबिनमध्ये बसलो, ते, मी आणि ती. सुती पांढरा पंजाबी ड्रेस, समोर वही. मी नमस्कार-चमत्कार न करता सुरुवात केली.

"तुझं म्हणणं, परीक्षक सोपं विचारतात म्हणून मुलाला मार्क कमी पडतात. उलटं कशावरून नाही? मूल पहिल्या प्रश्नालाच अडखळलं, म्हणून परीक्षक सोप्यावर उतरला. मग दोष परीक्षकाचा कसा? कारण कुठलं, परिणाम कुठला, सिद्ध कर."

प्रिन्सिपॉलांनी चष्मा काढला. दीपालीनं वहीचं पान उलटलंसुद्धा नाही.

"म्हणून मी पहिला प्रश्न वेगळा मोजलाय, मॅडम. मुलानं विषयाचं एक अक्षर बोलायच्या आधीचा. तोच सोपा होता. त्याच्याआधी फक्त गाव आणि बारावी विचारलेली होती."

मी सोडते का? "मग ती मुलं लेखीतही कच्चीच असतील."

"लेखीत सारखे मार्क असलेल्या मुलांच्या जोड्या लावल्यात. एक शहरातलं, एक बाहेरचं. तक्ता सहा."

मी आणखी विचारलं. बारा परीक्षकांवरून एवढा दावा कसा? तू खोलीत बसलीस म्हणून परीक्षक बदलले नसतील कशावरून? सोपं-अवघड ठरवणारी तू कोण? पाऊण तास मी तिला नुसती पिळत होते. आयुष्यात कुठल्या विद्यार्थ्याला मी इतकं खोदून विचारलं नसेल. ती एकेक उत्तर देत होती, कधी आकड्यानं, कधी "हे मला माहीत नाही, इथे माझा अभ्यास तोकडा आहे" असं सरळ सांगून. सोपं-अवघड तिनं ठरवलंच नव्हतं, कुठल्या मुलाला विचारले ते न सांगता नुसते प्रश्न पाच बाहेरच्या प्राध्यापकांना देऊन ठरवून घेतलं होतं.

"परीक्षक चार पोरांशी दुष्टपणे वागतो, असंच तुला म्हणायचंय ना?" शेवटी माझ्या तोंडून निघून गेलं.

"नाही, मॅडम," ती म्हणाली. "मुलांनी सर्वांत प्रेमळ म्हणून त्यांनाच निवडलंय. तक्ता नऊ."

प्रिन्सिपॉलांना मीटिंगला जायचं होतं. सहीचा कागद माझ्यापुढे सरकवून ते उठले. "आपण दोघी संपवा हे," म्हणाले आणि गेले. केबिनमध्ये आम्ही दोघीच उरलो. मी पेनचं टोपण उघडत होते, लावत होते.

"सूड उगवलास माझ्यावर," मी म्हटलं. "चार नंबर मी आहे, हे तुला काय माहीत नव्हतं?"

"माहीत होतं." तिनं वही मिटली. "मॅडम, आज तुम्ही मला पहिल्यांदा अवघड विचारलंत. इतकं बरं वाटलं, काय सांगू."

"म्हणजे?"

"माझ्या ओरलला तुम्ही विचारलं होतं, फ्लिप-फ्लॉप सर्किटचे प्रकार किती. मग म्हणालात, शाब्बास, जा. तीस मार्क. मी बाहेर येऊन दाराशी उभी राहिले, पुढच्या मुलीला काय विचारताय ते ऐकायला. उत्कर्षा होती, इथलीच. तिला विचारलंत, त्याच सर्किटमध्ये रेस-अराउंडचा दोष का येतो आणि तो टाळायचा कसा. ती अडखळली तेव्हा तुम्ही तिला खोदून विचारत राहिलात, उत्तर येईपर्यंत. मला ते सगळं येत होतं, मॅडम. पाठ नव्हे, येत होतं. दाराबाहेर उभं राहून मी मनातल्या मनात देत होते."

मला तो दिवस आठवत नव्हता. खरंच नव्हता. तिला दारातल्या पायपुसण्यासकट आठवत असणार.

"मग तेव्हाच आत येऊन का नाही बोललीस? भांडायचंस माझ्याशी!"

"कशावरून भांडणार?" ती म्हणाली. "तुम्ही इतक्या चांगल्या वागला होतात."

मी तिच्याकडे पाहिलं. हेवा वाटायचा थांबला नव्हता. उलट जास्तच वाटत होता. जागा गेली याचा, ती इतकी हुशार निघाली याचा, आणि मी तिच्या ओरलला तो एक प्रश्न विचारला असता तर ती माझी स्टुडंट म्हणून मिरवायचा मला हक्क असता, याचा. एकशे सहा पोरं आणि एकही चाळीसच्या वर नाही. ती सगळी मला थँक्यू मॅडम म्हणून गेली होती.

मी पेन उघडलं. "पद्धत निर्दोष, निष्कर्ष ग्राह्य," असं लिहिलं आणि खाली सही केली. सही वाकडी आली. रागानं की लाजेनं, देव जाणे.

"घे," मी म्हटलं, "आणि पळ. माझा विचार बदलायच्या आत प्रिन्सिपॉलांच्या हातात नेऊन दे."