सतरा नंबरचा दिवा

“सतरा लावला.”

“दिसला, मॅडम.”

फोन खांद्याशी धरून तिने तक्त्यात सतरासमोर बरोबरची खूण केली आणि शेजारच्या रकान्याकडे पाहून थबकली. तिथे नव्या सेन्सरचं उत्तर होतं : अंधार.

“परत लावते हं. सतराच.”

“दिसला की! चांगला निळाशार. चला पुढे, आज आईंना दवाखान्यात न्यायचंय ना तुम्हाला?”

आईचा गुडघा त्याच्या लक्षात होता. तिच्या ऑफिसात तिला आई आहे हेसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं.

तिचं काम काय, हे सांगायला लागलं की पाहुणे जांभया देत. प्रत्येक सर्व्हरमध्ये एक छोटा कंट्रोलर असतो. सर्व्हर बंद असला तरी हा जागा, दुरून सांगितलेलं ऐकणारा. तो नीट वागतो की नाही, हे आपोआप तपासणाऱ्या चाचण्या तिची टीम लिही. आणि त्या चाचण्यांच्या हाताखाली राबणारी छोटी छोटी फंक्शन्स, म्हणजे एकेकच काम करणारे प्रोग्रामचे तुकडे, ती लिही. एक कंट्रोलर झोपून उठेपर्यंत वाट बघणारं, एक तापमान विचारणारं, एक सर्व्हर ओळखण्यासाठीचा निळा दिवा लावणारं. या फंक्शन्सचं कौतुक कुणी करत नाही, पण एखादं अडलं की सगळं घर उपाशी.

दिव्याचं घोडं मात्र कायम अडलेलं. “लावलास का?” विचारलं की कंट्रोलर “लावला” म्हणे. दिवा जळून गेलेला असला तरी म्हणे. म्हणून बघायला माणूस लागे.

तो माणूस म्हणजे दोनशे किलोमीटरवरच्या लॅबमधला अटेंडंट. टीम त्याला ‘दिसला-काका’ म्हणे. रोज सव्वादहाला ती फोन लावी, तो बेचाळीस मशीनसमोरून चालत जाई. पंख्यांच्या घरघरीमुळे दोघं ओरडून बोलत. दिव्यादिव्यांच्या मधे बाकीचं आयुष्य मावे : त्याची बायको गेली ते, तिचं जमता जमता मोडलेलं लग्न, लॅबच्या जनरेटरवर झोपणारी मांजर. अकरा वर्षं अशी गेली, आणि तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं. एकदा कामानिमित्त ती लॅबमध्ये गेली होती, तर नेमका तो रजेवर. खुर्चीवर त्याचा स्वेटर होता. कुणी बघत नाही असं पाहून तिने तो नीट घडी करून ठेवला होता.

“एका माणसाला रोज अर्धा तास फोनवर धरून ठेवायचं, याला का ऑटोमेशन म्हणायचं?” टीमची नवी प्रमुख म्हणाली. पोरगी बोलली ते खरंच होतं. प्रत्येक दिव्याच्या काठाशी एक सेन्सर चिकटला, आणि त्याचं उत्तर वाचणारं फंक्शन रोज फोन लावणाऱ्या हिनेच लिहिलं. अठरा ओळी. आठवडाभर माणूस आणि सेन्सर दोघांनी बघायचं, शुक्रवारी अहवाल, सोमवारपासून फोन बंद. त्याची नोकरी जाणार नव्हती. केबली ओढायला माणूस लागतोच. जाणार होते ते सव्वादहा.

आणि आता, गुरुवारी, हा सतरा.

तिने तिच्या धंद्यातली सगळ्यात साधी गोष्ट केली.

“बावीस लावला,” ती म्हणाली. लावला नव्हता.

“दिसला.”



“मी लावलाच नव्हता हो.”



“मोतीबिंदू आहे,” तो म्हणाला. आज पहिल्यांदाच ओरडत नव्हता. “दोन्ही डोळ्यांत. माझा निळा पार गेलाय. दोन वर्षं झाली.”

“मग ऑपरेशन का नाही करून घेतलंत?”

“महिनाभर हे काम दुसऱ्याकडे गेलं असतं. एकदा गेलं की परत कशाला येतंय? कंट्रोलर लागला म्हणायचा, तुम्ही लागला म्हणायच्या. मी म्हटलं, मी एकट्यानेच कशाला नाही म्हणायचं.”

“अहो, तपासणी होती ती!” ती एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या टेबलांवरच्या माना वळल्या. तिला त्याचा भयंकर राग आला होता, आणि सोमवारी तो नसणार म्हणून रडूही येत होतं. राग स्वतःचाही होता. दोन वर्षं एकही “नाही दिसला” आला नाही, तेव्हाच तिला शंका यायला हवी होती. ती मात्र खूश होती.

“लिहा काय खरं ते,” तो म्हणाला. “माझ्यापायी तुमच्या तक्त्यात खोटं नको.”

तिने लिहिलं. सतराचा दिवा बदलावा. तपासणाऱ्याला निळा रंग दिसत नाही, दोन वर्षांचे निकाल रद्द धरावेत. आणि खाली, कुणी मागितलं नसताना : त्याआधीच्या नऊ वर्षांत याच माणसाने कंट्रोलरचं खोटं एकशे चौदा वेळा पकडलं आहे.

शुक्रवारी सव्वादहाला तिने अहवाल पाठवला आणि फोन लावला.

“आता काय राहिलं तपासायचं?” त्याने विचारलं.

“काही नाही. खोलीतल्या ट्यूब बंद करा आणि दाराशी उभे राहा.”

सकाळी तिने एक फंक्शन लिहिलं होतं. तीन ओळींचं, कुठल्याच चाचणीला नको असलेलं. तिने ते चालवलं. सतरा सोडून एकेचाळीस दिवे एकदम लागले. सेन्सरच्या रकान्यात उजेडाच्या खुणा भराभर उतरल्या.

“सगळे लावलेत,” ती म्हणाली. “खरंच लावलेत.”

तिने त्या खुणा पुन्हा एकदा मोजल्या.

“दिसतंय का काही?”

“दिवा एकही नाही दिसत, मॅडम. पण समोर काहीतरी उजळलंय. सगळीकडे.”

“कुठला रंग?”

“ते नका विचारू. पुन्हा खोटं बोलेन.”

ती हसली. डोळे पुसले.

“ऑपरेशन करून घ्या आता.”

“घेतो.”

“बंद करू?”

“राहू द्या थोडा वेळ.”

तिने कीबोर्डवरचा हात काढून घेतला. फोन कानाशी धरून ती तिकडच्या पंख्यांची घरघर ऐकत राहिली.