जाळ्याबाहेरचा ठिपका

"सर, मी प्रथिनं काढून बघत होते. तुम्ही माणसं काढलीत!"

संचालकांनी चष्मा पुसला. "आवाज खाली. गणित तुमचंच आहे ना?"

तिच्या अंगाची लाही लाही झाली. गणित तिचंच होतं. संस्थेत तिला मागून ‘मिरची’ म्हणत, पण सांख्यिकीय भौतिकशास्त्रात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पेशीतली हजारो प्रथिनं एकमेकांशी जोडलेली असतात. त्यातलं एकेक काढत गेलं तर ते जाळं नेमकं कधी कोसळतं, हे शोधण्यात तिने उमेदीची वर्षं घातली होती. संचालकांनी तेच गणित परस्पर कर्मचाऱ्यांच्या ईमेलना लावलं. ज्याला काढून जाळं तुटत नाही, तो जादा. टेलिफोनवरच्या मावशी पहिल्याच फटक्यात जादा ठरल्या आणि आज त्यांच्या हातात नारळ ठेवला गेला.

"अहो, मावशी ईमेल करतातच कुठे? त्या फोन जोडून देतात, निरोप पोचवतात. तुम्ही टपाल मोजलंत, माणसं नाही! पहिल्या वर्षाचं पोरगंसुद्धा ही चूक करणार नाही."

"निर्णय झालाय. आणि अहवालात तुमचे आभारही मानलेत आम्ही."

"चुलीत घाला ते आभार! माझं नाव काढा त्यातून."

"काढू की. निर्णय तोच राहील." ते इतक्या थंडपणे म्हणाले की तिचा संताप आणखीच भडकला. दार आपटून ती तडक टेलिफोनच्या खोलीत आली.

मावशी खण आवरत होत्या. "मिरचे, कशाला डोक्यात राख घालून घेतेस? बस. मला एवढं दाखव, त्या चित्रात मी कुठेय?"

दाखवू नये असं तिला फार वाटत होतं. पण मावशी हटेनात. शेवटी तिने अहवालातलं चित्र उघडलं. मधोमध रेघांचा गुंता होता आणि पार कडेला, एकही रेघ नसलेला ठिपका.

मावशींनी त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "अगंबाई, एकटीच आहे की मी."

तिला रडू फुटलं, तेही रागाचंच. "खोटं आहे ते, मावशी. माझंच गणित, आणि साफ खोटं!"

"असू दे गं." मावशींनी पर्स खांद्याला लावली आणि त्या सगळ्यांचा निरोप घ्यायला निघाल्या. संध्याकाळी रखवालदार कुलपं घेऊन आला, तेव्हा त्यांचा पहिला मजलाही संपला नव्हता.