मोठ्या कंडेन्सरच्या खाली

गिटारच्या ॲम्पचा लाल दिवा लागला की जाईचा ओठ आधी बाहेर यायचा. मग आतून ‘धप्प’ व्हायचं, त्यामागून ‘घूंऽऽ’ सुरू व्हायचं, आणि तोवर पोर दोन्ही हात वर करून कश्मिराच्या पायाशी पोचलेली असायची. रडणं त्यानंतर. आधी नुसती थरथर. चौदा महिन्यांचं अंग ते, सगळंच्या सगळं थरथरायचं.

ॲम्प काही मोठा नव्हता. कश्मिरानं कॉलेजात असताना घेतलेला, सगळ्यांत स्वस्त, पाटाएवढा डबा. पुण्याच्या खोलीत त्याची ती घूं कधी कानाला लागलीच नाही. बाहेर रस्ता असायचा. झाशीला नवऱ्याच्या, जयदीपच्या, कंपनीच्या क्वार्टरमध्ये दुपारी इतकी शांतता असे, की नळाचा थेंब मोजता यावा. त्या शांततेत तो डबा म्हणजे घरात घुसलेलं जनावरच.

हेडफोन लावून पाहिले. मग जाई उठलेली ऐकू येईना. ॲम्पशिवाय वाजवलं तर इलेक्ट्रिक गिटारचा आवाज म्हणजे चिमणीनं पत्र्यावर टोचल्यासारखा. डब्याच्या आत मागून जुन्या गोधडीचा कापूस कोंबला. कर्कशपणा थोडा कमी झाला, पण धप्प आणि घूं जागच्या जागी.

“रविवारी माळ्यावरच्या रजया काढू,” जयदीप म्हणाला. जाईची नखं कापत होता, त्यामुळे मान खाली. “तिथं जागा होईल. हे तुझं गुरगुरणारं वर ठेवून देऊ. गिटारपण. पोरगी मोठी होईपर्यंत गं, वर्ष-दोन वर्षं.”

“या रविवारी?”

“या नाही, त्याच्या पुढच्या. थंडी कुठं पळून चाललीय?”

तो चांगल्या मनानंच बोलला होता, म्हणून भांडताही येईना. पण ‘मोठी होईपर्यंत’ म्हणजे काय ते कश्मिराला ठाऊक होतं. तिच्या आईचं बुलबुलतरंग असंच वर गेलं होतं, कश्मिरा रांगायला लागली तेव्हा. ते खाली आलं थेट कश्मिराच्या लग्नाच्या साफसफाईत. तारा गंजून गेलेल्या, आत उंदराचं घर. आई हसली होती. “आता बोटंही वळत नाहीत,” म्हणाली, आणि लगेच रुखवताच्या याद्या काढायला बसली.

वर गेलेलं खाली येत नाही. तेव्हा त्या रविवारच्या आत डब्याची घूं काढायची. कशी, ते मात्र ठाऊक नव्हतं.

शरदचंद्रकाका तिला कोजागरीला भेटले होते, इथल्या मराठी मंडळींच्या दुधाला. त्यांचं घराणं झाशीत सात पिढ्यांचं. स्वतः रेल्वेच्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, आणि त्याआधीपासून अर्ध्या प्रेम नगरचे रेडिओ दुरुस्त केलेले. कश्मिरानं एका कडेवर जाई आणि दुसऱ्या हातात पिशवीतला ॲम्प घेऊन ऑटो पकडली.

“या सूनबाई, बसा. पोरीला द्या इकडे. काय आणलंत, रेडिओ?”

“ॲम्प आहे काका, गिटारचा.”

“म्हणजे रेडिओच. स्टेशन न लागणारा.”

त्यांनी मागचं झाकण उघडायला लावलं आणि भिंग डोळ्याला लावून, नाक जवळजवळ आत घालून पाहू लागले. मग हात पुढे केला. तो हात एवढा हलत होता की कश्मिरानं नजर वळवली.

“बघून घ्या, फिक्र नाही,” काका म्हणाले. “या हातानं आता टाका घालता येत नाही. टाका म्हणजे तुमचं ते सोल्डर, कथलाचा जोड. तो तुम्हालाच घालावा लागेल. शिकून घ्या. मी सांगेन.”

इंदूकाकूंनी शेवयांची खीर आणली होती. कश्मिराची संपत आली तशी त्या म्हणाल्या, “अगंबाई, सूनबाईंची वाटी खाली आहे.” जाई वाटीवर झडप घालतच होती, तेव्हा खाली ठेवा म्हणत असतील, असं समजून कश्मिरानं वाटी टीपॉयवर ठेवली. काकूंनी ती पुन्हा भरली.

“हा पाहा मोठा कंडेन्सर,” काका सांगत होते. “काळ्या डबीसारखा. वीज साठवतो. हा कमी पडतो, म्हणून घूं. याच्याजवळ जागा खाली आहे. तिथं याचा जुळा भाऊ बसवून द्या. घूं जाईल, सुरू होताना धक्का बसतो तोही बराच कमी होईल.” त्यांनी पत्र्याच्या डब्यातून चाचपून एक तसलाच काळा कंडेन्सर काढला. “पट्टी आहे ती बाजू उणे. उलटा नका लावू.”

जाई पेन ओढत होती. कश्मिरानं तिच्या डोक्यावरून वही धरून लिहिलं: मोठा कंडेन्सर. त्याच्याजवळ खाली जागा. तिथं दुसरा. पट्टी उणे.

निघताना काकांनी सरावाला एक मेलेला रेडिओ दिला आणि त्यांची जुनी सोल्डरिंगची इस्त्रीही. त्यांची मूठ पडून पडून तिचं लाकूड गुळगुळीत झालं होतं.

पुढचे दिवस कश्मिरा दुपारी शिकली. जाई झोपली की स्वयंपाकघरातला ओटा पुसायचा, वर्तमानपत्र पसरायचं, खिडकी उघडायची. फोनवरचे व्हिडिओ आवाज बंद करून पाहायचे. दाढीवाली माणसं तोंडं हलवायची, बोट दाखवायची, हसायची. ती काय म्हणतायत ते ओठांवरून ओळखायचं. पहिल्या दिवशी बोट भाजलं. दुसऱ्या दिवशी कथील सगळीकडे गेलं, हवं तिथं सोडून. चौथ्या दिवशी एक टाका असा चमकला की तिनं संध्याकाळी तो जयदीपला दाखवला.

“कुठंय?”

“हा काय.”

“हा ठिपका?” त्यानं डोळे बारीक केले. “छान आहे. चांदीचा वाटतो.” आणि मग जरा थांबून, “रविवारपर्यंत होईल?”

“होईल.”

बुधवारी संध्याकाळी तिनं काकांना फोन केला. वहीत लिहिलेलं वाचून दाखवलं. “मोठ्याच्या जवळ, खाली जागेत. बरोबर ना काका?”

“हो हो. खाली जागेत. बिल्कुल.”

गुरुवारी जाई पावणेदोनला झोपली. फार तर चाळीस मिनिटं. ॲम्पची पिन सकाळपासूनच काढून ठेवलेली होती. काकांनी सांगितल्याप्रमाणे बल्बच्या दोन तारा लावून तिनं मोठ्या कंडेन्सरमधली उरलीसुरली वीज काढली, आणि आतला सर्किट बोर्ड हातात घेतला.

मोठा काळा कंडेन्सर सापडला. त्याच्या डावीकडे एक पांढरं वर्तुळ छापलेलं, त्यात दोन भोकं, आणि बाकी काही नाही. कारखान्यात राहून गेलं असेल, असं वाटून तिची नजर पुढे गेली. कारण वहीत ‘खाली’ होतं. आणि मोठ्याच्या बरोब्बर खाली एक हिरवी, शेंगदाण्याएवढी गोळी बसलेली होती.

तिथं आधीच कुणीतरी आहे, हे काकांनी सांगितलं नव्हतं. तिनं फोन लावला. वाजत राहिला. दुपारी काका झोपतात. आतल्या खोलीत जाईनं कूस बदलल्याचा आवाज आला. तिला वाटलं, हा लहान कंडेन्सर असणार, म्हणूनच कमी पडतो. याला काढायचं आणि मोठा बसवायचा. असा विचार केल्यावर ते इतकं सरळ वाटलं की आपण आधी घाबरलो कशाला, असं झालं.

हिरवी गोळी निघता निघेना. तिनं इस्त्री दाबून धरली, जास्तच वेळ. गोळी सुटली तेव्हा तिच्या तारेच्या पायाबरोबर बोर्डावरची तांब्याची बारीक पट्टी वर आली, दुधावरची साय यावी तशी. ती तिनं नखानं परत चिकटवली. जुळ्या भावाचे पाय फाकवून त्या भोकांत घातले. पट्टी उणे. दोन टाके घातले, दोन्ही चमकले.

पिन लावली. दिवा लागला.

धप्प झालं नाही. एक क्षण काहीच झालं नाही, आणि त्या क्षणात कश्मिरानं जाईला उचलून ॲम्पसमोर बसवलंसुद्धा, मनातल्या मनात. मग आतून एक आवाज चढत गेला, किटली तापताना चढतो तसा. बोर्डावरचा एक पट्टेरी तुकडा तपकिरी झाला, काळा झाला, त्यातून धुराचा दोरा निघाला. तिनं पिन ओढली तोवर आत काहीतरी ‘टक्’ झालं होतं.

जळक्या वासानं जाई उठली. पलंगाला धरून दारापर्यंत आली, दिव्याकडे पाहिलं. दिवा विझलेला होता. ती रडली नाही. कश्मिरानं तिला उचललं आणि खिडकीशी नेलं.

पाच वाजता काकांनी फोन उचलला.

“धूर? कुठून धूर? कोणता काढलात?”

“हिरवा, छोटा. मोठ्याच्या खालचा.”

“काढायचं काहीच नव्हतं सूनबाई. नुसता लावायचा होता. खाली जागेत.”

“खालीच लावला काका.”

पलीकडे इंदूकाकूंचा टीव्ही चालू होता. काकांनी तो बंद करायला सांगितला. “खाली म्हणजे,” ते मग हळू म्हणाले, “जशी वाटी खाली असते. मकान खाली असतं. काही नाही आत, ती. दोन भोकं दिसली नाहीत? गोल चिन्ह असेल.”

कश्मिरानं बोर्डाकडे पाहिलं. पांढरं वर्तुळ, दोन भोकं.

“रिकामी,” ती म्हणाली.

“हां. रिकामी. तुम्ही रिकामी म्हणता.”

इलाइट चौराह्यावर ती रोज विचारायची, भैया, ऑटो खाली है क्या? हिंदीत खाली म्हणजे काय ते तिला शिकवायची गरज नव्हती. पण काका मराठी बोलत होते.

“माझी आजी असंच बोलायची,” काका म्हणाले. “खाली हंडा, खाली खोली. मला तर ते मराठीच वाटत आलं. सत्तर वर्षांत कुणी टोकलं नाही. टोकणार कोण, सगळे आमच्यासारखेच.” मग एकदम, “तुम्हाला भाजलं-बिजलं नाही ना? पोरगी?”

“नाही काका. ती मजेत आहे. बोर्डावरची तांब्याची पट्टी मात्र उखडली.”

“तो आतला मोठा आयसी, आवाज वाढवणारी चिप, गेला असेल. सदर बाजारात माझा माणूस होता, तो दुकान बंद करून मुलाकडे निघून गेला. आणि तांब्याची पट्टी उखडली म्हणता. ती तारेनं जोडता येते, पण...” तो ‘पण’ तिथंच राहिला. त्यांचा हलणारा हात रिसीव्हरवर खटखट वाजत होता, तेवढं ऐकू येत होतं. “मी चुकलो सूनबाई.”

“नाही हो काका. मीच विचारायला हवं होतं.”

“विचारलंत की. बुधवारी विचारलंत. मी हो म्हणालो.”

दोघांनी एकमेकांना दोनदा ‘बरं’ म्हटलं आणि फोन ठेवला.

शुक्रवारी तिनं बोर्ड घेऊन सदर बाजारात चार दुकानं पालथी घातली. तिघांनी नवीन घ्या म्हटलं. चौथ्यानं बोर्ड उजेडात धरला, उखडलेल्या पट्टीवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, “ये किसने किया?”

“मैंने,” कश्मिरा म्हणाली.

बोर्ड त्यानं कागदात नीट गुंडाळून परत दिला. त्यानं हसायला हवं होतं, असं तिला घरी येईपर्यंत वाटत राहिलं.

रविवारी जयदीप स्टुलावर चढला. रजया एकेक करून आल्या, डांबरगोळ्यांचा वास घेऊन. कश्मिरा त्या झेलून पलंगावर टाकत होती. माळा मोकळा झाला. आतला अंधार दिसायला लागला.

“हं,” तो वरून म्हणाला. हात खाली सोडलेला, पंजा उघडा. गुरुवारपासून त्यानं त्या वासाबद्दल एक शब्द काढला नव्हता, आणि आता तो तिच्याकडे न पाहता वाट बघत होता. “दे.”

ॲम्प भिंतीशी होता. मागचं झाकण उघडंच, आतला बोर्ड निघालेला. जाई त्याच्यासमोर फतकल मारून बसली होती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ती त्याच्या इतकी जवळ गेली होती. तिनं पुढचं गोल बटण फिरवलं. परत फिरवलं. मग कान जाळीला लावला आणि तोंड किंचित उघडं ठेवून थांबली, आतून काही येतंय का ते ऐकत.

दुरुस्त होईल असं कश्मिरा म्हणू शकत नव्हती. कधी, तेही नाही. आयसी कुठं मिळेल ठाऊक नाही. मिळाला तर पट्टी जोडता येईल का, ठाऊक नाही. आणि ते सगळं झालं तरी पोर पुन्हा थरथरणार नाही याची काय खात्री? तिच्या हातात फक्त चमकणारे दोन टाके होते, चुकीच्या जागी.

“अगं दे ना. हात दुखला.”

“राहू दे,” ती म्हणाली.

“काय राहू दे?”

“खाली.”

जयदीपनं वाकून ॲम्पकडे पाहिलं. “बंद पडलाय ना तो? खाली ठेवून काय करणार?”

“माहीत नाही.”

त्यानं हात झटकले, धूळ पुसली आणि तो म्हणाला, “बरं. मग ती मोठी सुटकेस दे.”

तिनं सुटकेस दिली. वळून पाहिलं तर जाई ॲम्पच्या मागच्या बाजूला गेली होती आणि उघड्या भोकातून आपला चमचा आत टाकत होती. चमचा कापसावर पडला. आवाज झाला नाही. तिनं आईकडे पाहिलं, मग भोकाकडे, आणि हात खांद्यापर्यंत आत घालून चमचा शोधायला लागली.